पटावरचं नाव

रामकिसन आप्पांच्या पुतणीनं, प्रियदर्शनीनं, बीडच्या होस्टेलातून परस्पर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं. झालं! ती गेली नवऱ्याबरोबर पुण्याला, अन् तिच्या वाटणीची शिक्षा आली आप्पांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या गळ्यात. करून गेली एक आणि भोगायचं दुसरीनं. दहावीला एक्क्याण्णव टक्के पाडलेली पोर घरात बसली.

बसली म्हणजे मुकाट्यानं नव्हे. संस्कृतीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. नववीत असताना म्हैस अडली, नेकनूरचे डॉक्टर वाटेतच होते, तेव्हा हिनंच कोपरापर्यंत हात घालून, ते फोनवर सांगतील तसं रेडकू सरळ केलं. गडीमाणसं लांब उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून हिचं ठरलेलं. पण त्या कॉलेजला बारावी सायन्स लागते, जीवशास्त्र लागतं, वर नीटची परीक्षा.

शाळेतल्या सत्यशीला मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं. "घरून बारावी करायला दोन वाटा आहेत. एक आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून बसायचं. पण त्यात सायन्सचं, प्रॅक्टिकलचं अवघड. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. सायन्स मिळतं, अभ्यास घरी, प्रॅक्टिकलला तेवढं केंद्रावर जायचं. तू तेच कर."

संस्कृती आप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"घरी बसून शिकायचं तर शिक की!" आप्पा म्हणाले. "मी काय लेकीचा वैरी हाय का? नीटची परीक्षा निघाली तर परभणीच्या कॉलेजात घालतो, आत्याकडं ठिवतो. फॉर्मचं हनुमान बघंल."

हनुमान म्हणजे आप्पांच्या शिक्षणसंस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातला क्लार्क. कॉलेज आर्ट्सचं, माळावर, वर पत्रे. हनुमान घरी आला, तिचा दाखला, मार्कमेमो आणि चार फोटो घेतले. "हितं सही करा ताई," म्हणाला. फॉर्म दुमडलेला होता. तिनं केली सही. घरचं मीठ खाणारा माणूस, त्याच्या हातातला कागद उलगडून कोण बघतंय?

मग दोन वर्षं नुसता अभ्यास. लातूरहून जाडजूड पुस्तकं खुद्द आप्पांनीच आणून दिली. वरची खोली, खाली गोठा, सणावाराला आईबरोबर देऊळ, एवढंच तिचं जग. फाटकाबाहेर ती किती वेळा गेली ते बोटांवर सांगता आलं असतं. त्यातला सगळ्यात भारी दिवस तपासणीचा. ती अकरावीच्या अभ्यासात होती, तेव्हा आप्पांचा निरोप आला, "गणवेश घालून जीपमधी बस. सायेब येणार हायेत. वर्ग भरलेला दिसला पायजे." गावोगावची पोरं जीपगाड्यांनी आणून बाकांवर बसवलेली, कुणी पानटपरीवरून उचललेलं, कुणी शेतातून. संस्कृतीला काय, बाहेर पडायला मिळालं! खिडकीजवळ बसली, पोरींबरोबर पोट दुखेस्तोवर खिदळली. साहेबांनी तिचं नाव पुकारलं तेव्हा खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर सर!" आपलं नाव यादीत कसं, हे मनात आलंच नाही असं नाही. पण तिला वाटलं, असेल आजच्या दिवसापुरतं.

प्रॅक्टिकल कधी, असं विचारलं की हनुमान म्हणायचा, "कळवतेत की." बारावीच्या जानेवारीत त्यानं हॉल तिकीट आणून दिलं. फोटो तिचा, सही तिची. विषय मात्र मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि सहकार.

"हे काय हाय, हनुमानकाका?"

हनुमान चपलेकडं बघत राहिला. "पट कमी पडत व्हता ताई. तुकडी तुटली असती. मास्तरांच्या नोकऱ्या, माझी बी. आप्पा म्हणले, घरचंच एक नाव टाक."

"अन् मुक्त विद्यालय?"

"तो फॉर्म भरलाच न्हाई. तुमचे कागद हापिसाच्या कपाटात हायेत. आप्पांच्या सहीबिगर निघत न्हाईत."

दोन वर्षं! ती तशीच स्वयंपाकघरात गेली. आई, संगीताबाई, भाकरी थापत होती.

"आई, तुला ठावं व्हतं?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी पाच वर्षं सरपंच व्हते," ती म्हणाली. "ग्रामपंचायतीत दोनदा गेले. एकदा झेंड्याला, एकदा हळदीकुंकवाला. सह्या मात्र रोज केल्या."

"मग तू काय केलंस?"

"भाकरी केल्या."

आठ दिवसांनी पुन्हा तपासणी आली, पुन्हा जीप आली. संस्कृतीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. गणवेश घातला. तिनं रात्रंदिवस एकच घोकलं होतं, साहेब तरी बाहेरचा माणूस आहे, त्याला सांगायचं. आपलं नाव तिथून निघालं तर कागद सुटतील, कागद सुटले तर या वर्षी नाही तर पुढल्या वर्षी सायन्सची बारावी देता येईल. एवढी एकच फट राहिली होती.

साहेब खुर्चीत, शेजारी आप्पा, पुढं चहा. नाव पुकारलं गेलं. संस्कृती उभी राहिली.

"सर, मी ह्या कॉलेजात शिकत नाही. मी घरी सायन्स करते. माझं नाव काढा अन् माझे कागद मला द्या."

साहेबांनी आप्पांकडं बघितलं.

आप्पा हसले. अगदी मायेनं हसले. "लेक हाय माझी. सायन्सला घातली न्हाई म्हणून दोन वर्षं रुसून बसलीय."

"असं होय!" साहेबही हसले. "माझी धाकटी पण अशीच आहे. बस बाळा, बस. समोर उभी आहेस म्हणजे हजरच की." आणि त्यांनी तिच्या नावापुढं खूण केली. मास्तर हसले, मग पोरंही हसली. मागच्या वर्षी जिच्याबरोबर ती खिदळली होती, ती शेजारची पोरगीसुद्धा हसली.

परतताना आप्पा तिच्याशेजारीच बसले. रागावले असते, एक थोबाडीत दिली असती, तर तिला बरं वाटलं असतं. पण आप्पा लई खुशीत होते.

"शाबास गं! सायबापुढं धडाधडा बोलायला येतं की तुला. माझंच रगत हाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता नाराज व्हायचं न्हाई. पुढल्या वर्षी आपल्याला बीएची परवानगी येतीय. पटावर पहिलं नाव तुझंच टाकतो."

घर आलं. हनुमाननं उतरून फाटक उघडलं, जीप आत घेतली आणि फाटक लावून घेतलं.