पगडीचं दुसरं टोक

आमच्या सरदारजींना पतियाळ्याच्या किल्ल्यातल्या प्रत्येक महाराजांचं नाव पाठ आहे. महाराजांच्या हत्तींचंसुद्धा! माझ्या नानीचं नाव तेवढं यांच्या जिभेवर येत नाही.

नानी म्हणजे माझ्या आईची आई, अतर कौर. दरबारच्या पगड्यांना खळ घालायचं काम तिच्याकडे असायचं. त्यातलीच एक गुलाबी पगडी आज किल्ल्यात काचेच्या कपाटात बसली आहे. आणि आमचे हे, उजागर सिंग, निवृत्त मास्तर, दर रविवारी पाहुण्यांना किल्ला दाखवतात, त्या कपाटासमोर उभे राहतात आणि ती पगडी कुणी, कुठल्या दरबारात बांधली ते रंगवून सांगतात. किती वर्षं झाली, मी म्हणतेय, "एकदा तरी तिथे नानीचं नाव घ्या हो." दर शनिवारी मान डोलावतात आणि दर रविवारी विसरून येतात.

या रविवारी कॅनडाहून पाहुणे यायचे होते. सकाळी चहा पिताना मी पुन्हा आठवण करून दिली, तर म्हणतात कसे, "अगं भागवाने, लोक विमानात बसून महाराज बघायला येतात. खळ घालणारीचं काय सांगू त्यांना?"

झालं! माझं डोकंच फिरलं. "बरं," मी म्हटलं, "मग आज पूनी धरायलाही महाराजांनाच बोलवा."

आमच्याकडे पगडी नीट बसायला दोन माणसं लागतात. अंगणभर लांब कापड, एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको. ताणायचं, घड्या घालायच्या, मग ते डोक्यावर चढतं. हीच पूनी. लग्न झाल्यापासून मी ती कधी चुकवली नाही. कडाक्याचं भांडण झालं तरी तोंड फिरवून टोक धरलंय.

यांनी टोक दाराच्या कडीला बांधलं. आत कडी खडखडतेय, बाहेर मी चहाबरोबर खुसखुशीत मट्ठी खातेय. थोड्या वेळाने बाहेर आले. पगडी कसली, भटुऱ्यासारखी फुगली होती.

"शोभतेय हं," मी म्हटलं. तशीच डोक्यावर घेऊन निघून गेले.

मागोमाग मीही रिक्षा पकडली. कशाला? गंमत बघायला! खोटं कशाला बोलू?

दरबार हॉलमध्ये त्या काचेच्या कपाटापाशी पाहुणे यांच्याभोवती उभे होते. मेहताब नावाची एक पोरगी फोनवर सगळं टिपत होती. "आता वर बघा, ही झुंबरं," म्हणून यांनी मान वर केली मात्र, पगडीने जीव सोडला. पदर सुटत सुटत खांद्यावरून घसरायला लागले. आत पटका, म्हणजे केसांवर बांधायचं लहान फडकं, होता म्हणून डोकं उघडं पडलं नाही, पण यांचा चेहरा असा उतरला की माझं हसू कुठल्या कुठे पळालं. कापडाचं टोक जमिनीकडे निघालं होतं. पगडी जमिनीला लागू द्यायची? छे! मी धावले आणि टोक वरच्यावर झेललं.

"आलीस?" यांचा जीव भांड्यात पडला. "ताण, ताण लवकर."

"ताणते. आधी नाव."

"भागवाने, लोक बघतायत!"

"म्हणून तर."

पाहुण्यांतले एक म्हातारे सरदार खो खो हसायला लागले. "घ्या मास्तर, घ्या नाव! आमच्याही घरी असंच चालतं."

यांनी कपाटाकडे पाहिलं. घसा खाकरला. आणि वर्गात लावायचे तो आवाज लावला.

"ही पगडी बांधली महाराजांनी, पण तिला ताठ उभं केलं अतर कौरनं. खळीत हात घालण्याआधी ती पातेल्याला हात जोडायची. थंडीत बोटं फुटायची, मग तूप चोळून झोपायची. पगडीला एक सुरकुती दिसली तरी पुन्हा धुवायला घ्यायची. ही निरंजन कौर, तिची नात. हिलाही सुरकुती खपत नाही."

मी बघतच राहिले. हे सगळं मी यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तूपसुद्धा विसरले नव्हते! माझे डोळे भरून आले, आणि रागही आला.

"मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं?"

"तू कधी आलीस ऐकायला?" हे हळूच म्हणाले. "दर रविवारी दाराकडे बघायचो. तू नसताना नाव घेऊन कुणाला सुखी करू?"

खरं की थाप, वाहेगुरू जाणे. मी टोक असं खेचलं की हे दोन पावलं पुढे आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या झुंबरांखाली आम्ही घड्या घातल्या, आणि पगडी अशी बसली म्हणता!

मेहताब फोन घेऊन जवळ आली. "आंटी, नानीचं नाव पुन्हा सांगा ना, नीट रेकॉर्ड करते."

मी आधी ओढणीने डोळे पुसायला लागले.

"अतर कौर," हे म्हणाले. मी न सांगता.