मेण्यातून उतरलेली बाई आणि मी

फिरत्या सिनेमाच्या तंबूतला पडदा आहे मी. रोज माझ्याकडे डोळे फाडून बघता, पण माझं ऐकायची पाळी तुमच्यावर कधी आली नव्हती. आज आली आहे, तेव्हा जरा नीट बसा.

खामगावच्या बाजारात मांजरपाटाचा गठ्ठा म्हणून पडून होतो. सदरे-बंड्या होऊन कुणाच्या तरी अंगावर सुखानं झिजलो असतो. पण मला उचललं इंद्रभानने. एक तंबू, दोन बैलगाड्या, हातानं फिरवायचं यंत्र आणि गालात कायम तंबाखू, असा हा सिनेमाचा मालक. त्यानं माझे पट्टे एकाला एक जोडले, कडांना दोऱ्या लावल्या आणि मला दोन लाकडी बल्ल्यांमध्ये ताणून टांगलं. तेव्हापासून माझ्या नशिबी नुसती कापाकापी आली.

हो, कापाकापीच. लोकांना प्रेमकथा हवी असते, पण आधी चार मुडदे पडल्याशिवाय त्यांचं प्रेमात मन लागत नाही. इंद्रभानचा सगळ्यात चालणारा सिनेमा जुन्या सरदारांच्या काळातला. सुरुवातीलाच घाटातून लग्नाचं वऱ्हाड चाललंय. दरोडेखोर तुटून पडतात, मशालजी कापतात, भोयांच्या माना उडवतात, मेणा धाडकन जमिनीवर. दरोडेखोरांचा नाईक मेण्याचा पडदा सारतो. आत नवरी. तो हात पुढे करतो, ती उतरते आणि त्याच्या घोड्यावर बसून निघून जाते. हे सगळं माझ्या अंगावर, गावोगाव.

सिनेमा मुका. अधूनमधून अक्षरांची पाटी यायची, पण वाचता येणारे असे कितीसे? म्हणून माझ्या शेजारी उद्धव मास्तर उभा राहायचा. पाटी वाचायची आणि चित्राचा अर्थ फोडून सांगायचा, हे त्याचं काम. गळा असा खणखणीत, की बाहेर बांधलेले बैलसुद्धा कान टवकारायचे.

बायका काही पुरुषांत बसायच्या नाहीत. त्यांची जागा माझ्या पाठीमागे. खेळाआधी इंद्रभान माझ्यावर बादल्या ओतायचा, म्हणजे उजेड आरपार जाऊन मागूनही चित्र दिसायचं, फक्त डावं-उजवं उलटं. थंडीच्या दिवसांत ही आंघोळ म्हणजे काय छळ आहे, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पण त्यापायी दोन्हीकडची तोंडं मला दिसायची. मुडदा पडला की पुढे शिट्ट्या, मागे बायका पोरांचे डोळे झाकायच्या.

मास्तरचा जीव त्या पहिल्या प्रसंगावर. तो लोकांना विचारायचा, "नवरीले पळवून नेली का ती आपल्या मनानं गेली?" मग आपणच उत्तर द्यायचा, "तलवारीकडे पाहू नका, मंडळी. तिच्या पायाकडे पाहा. उतरायच्या आधी वाकून मोजड्या घालून राह्यली ती. जिले ओढून नेतात, तिले मोजड्या घालाले सवड भेटते का?" लोक खूश व्हायचे. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

आणि मग आमचा तंबू दुसरबीडला पडला.

तिथले भगवंतराव म्हणजे बडं प्रस्थ, शेतीवाडी रगड. त्यांची धाकटी बहीण झुंबरबाई आदल्या वर्षी सुलतानपूरच्या निवृत्तीसोबत निघून गेली होती. भावानं माणसं नेली, काठ्यांनी निवृत्तीचा पाय मोडला, तिला फरफटत घरी आणलं. वर पोलिसांत लिहून दिलं, की निवृत्तीनंच तिला जबरीनं पळवलं. खटला मेहकरच्या कोर्टात उभा होता आणि दोन-चार दिवसांत झुंबरबाईची साक्ष होती. 'मला ओढून नेलं' म्हणाली, की निवृत्ती तुरुंगात सडणार. नाही म्हणाली, तर भाऊ तिला जिवंत ठेवणार नाही, असं गाव म्हणत होतं. पाठीमागच्या बायकांची ही कुजबुज माझ्या कानावर आली. खुद्द झुंबरबाईही घरच्या बायकांसोबत तिथंच, एका कडेला बसली होती. मास्तर पुढे होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला तर तोंडच नाही.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मशालजी कापले गेले, मेणा आपटला, मास्तरनं आपलं मोजड्यांचं सांगितलं. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी पचकलं, "झुंबरबाई गेली तवा तिच्या पायात बी नव्याकोऱ्या वहाणा होत्या ना बे?"

तंबूभर हसू पसरलं. पुढेच बसलेले भगवंतराव उठले. त्यांनी मास्तरची मानगूट धरली आणि त्याचं डोकं माझ्या बल्लीवर आपटलं. मीही हादरलो.

"सुलतानपूरवाल्यानं पाठवलं का बे तुले?"

"मी खामगावचा, मालक. मले काही ठाऊक नाही."

त्यांनी पुन्हा आपटलं. मग गड्यांनी लाथा घातल्या. मास्तरचे पुढचे दात माझ्या खालच्या काठावर पडले. शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी एकही माणूस उठला नाही. चित्रातल्या मारामारीत यांच्या अंगात वीरश्री संचारते, खरी सुरू झाली की सगळ्यांना आपापल्या पायाचे अंगठे दिसायला लागतात.

"यंत्रवाल्या, पह्यल्यापासून लाव," भगवंतराव म्हणाले. "अन मास्तर, आता नीट सांग. तिले ओढून नेली, असं सांग. साऱ्या गावाले ऐकू जाऊ दे."

इंद्रभानने रीळ उलटं गुंडाळलं. पुन्हा मशाली, पुन्हा माना. मास्तर जबडा धरून उभा राहिला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. "नाईकानं… हात धरला तिचा. ओढली. रडत होती ती…" आणि माझ्या अंगावर ती नवरी तर निवांत मोजड्या घालत होती. संताप आला मला. पण कापडाच्या संतापाला विचारतो कोण?

"नाई."

आवाज माझ्या पाठीमागून आला. झुंबरबाई उठून माझ्याजवळ आली होती. तिनं तळहात माझ्यावर टेकला, गारठलेला होता.

"मास्तर, मार खाऊन खोटं नोका बोलू. दादा, मले कोणी ओढलं नाई. मी माह्या मनानं गेली. कोर्टात बी हेच सांगन."

"खाली बस, झुंबर."

"नाई बसत."

तंबूच्या खुंट्या ठोकायची कुऱ्हाड बल्लीशी टेकवलेली होती. ती भगवंतरावनं उचलली. आता त्याला अहोजाहो करायची माझी इच्छा नाही. ओल्या कापडावर तिचा तळवा पुढूनही उठून दिसत होता. त्यावरून डोकं कुठं असेल याचा अंदाज घेतला आणि त्यानं घाव घातला.

मी उभा फाटलो. ओला होतो, जड होतो, पातं माझ्यात गुरफटलं. मानेवर बसणारा घाव खांद्यावर बसला. ती मटकन खाली बसली. तिच्या गरम रक्तानं मी भिजलो.

त्यानं कुऱ्हाड पुन्हा उगारली. तेवढ्यात त्या भगदाडातून एक म्हातारी पुढे आली. तानुबाई, भगवंतरावची सख्खी आत्या. त्याच्या छातीला छाती भिडवून उभी राहिली. "तुले कडेवर खेळवला म्या. मार, आधी मले मार." तिच्या पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. सगळ्या बायका पुरुषांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. कुऱ्हाड खाली आली, ती जमिनीवर. मग बायकांनी माझा लोंबता पट्टा टराटरा फाडला आणि झुंबरबाईचा खांदा करकचून बांधला. इतका दुखलो, पण तो पट्टा देताना मला बरं वाटलं.

मेहकरला तिनं तेच सांगितलं. निवृत्ती सुटला. कुऱ्हाडीचा खटला वेगळा चालला. तंबूतले पुरुष म्हणाले, अंधार होता, काही दिसलं नाही. बायकांना सगळं दिसलं होतं. भगवंतराव तुरुंगात गेला.

पुढे आम्ही सुलतानपूरला गेलो. इंद्रभानने मला ठिगळ लावलं होतं. झुंबरबाई आली, एक हात लुळा. लंगडत निवृत्ती आला. ती माझ्यामागे गेली नाही, पुढेच त्याच्या शेजारी बसली. नवरी मेण्यातून उतरली, तेव्हा बोळक्या तोंडाच्या मास्तरनं आदरानं विचारलं, "बाई, आता तुमीच सांगा. ही मनानं गेली का ओढून नेली?"

"मले काय इचारता, मास्तर? तिले इचारा."

लोक हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं ती बाई माझ्यावर उतरते आहे. नाईकाला बोलायला पाट्या होत्या, तिच्या बापाला होत्या, मरणाऱ्या मशालजीलाही एक होती. तिला एकही नव्हती. ती तोंड उघडायची आणि आम्ही सगळे तिच्या वतीनं भांडायचो.

म्हणतात, आता बोलता सिनेमा निघणार आहे. माझ्यासारख्या ठिगळवाल्याला तेव्हा कोण टांगतो? गाडीत कडब्याखाली अंथरतील. माझी तक्रार नाही. पण ज्या कुठल्या नव्या पडद्यावर ती नवरी मेण्यातून उतरेल, तिथं एवढं करा. मुडदे मागाहून पाडा. पहिलं वाक्य तिला बोलू द्या.