सूनबाई ऑफिसला गेली आहे

टेबल कुठे ठेवायचं यावरून आमच्या घरात आठवडाभर महाभारत चाललं. नवरा म्हणाला, झोपायच्या खोलीत ठेव. मी म्हटलं, म्हणजे मी झोपेतही ड्रॉइंगं तपासायची का? स्वयंपाकघरात उजेड छान, पण तिथे बसलं की माउसच्या आधी हातात झारा येतो. शेवटी बाहेरच्या खोलीतला खिडकीचा कोपरा ठरला. मीटिंगमध्ये माझ्यामागे कोरी भिंत दिसावी म्हणून भिंतीला पाठ करून खुर्ची लावली आणि टेबल खोलीकडे तोंड करून. डाव्या हाताला खिडकी. वायरींत कुणाचा पाय अडकू नये म्हणून एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवला. खुर्ची नवऱ्याने कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आणली. ती दिवसभरात हळूहळू खाली बसते. सकाळी मी टेबलाच्या वर असते, संध्याकाळी हनुवटी की-बोर्डला टेकते.

मी लिफ्टच्या कंपनीत आहे. ड्रॉइंगं तपासते. खालचा खड्डा किती खोल, दार किती रुंद, पाळणा, म्हणजे लिफ्टची खोली, कुठे थांबणार. बोटभर चूक झाली तर दार उघडतं आणि समोर भिंत असते.

घरून काम करण्याचं कारण म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. नवऱ्याची दूध कारखान्यात पाळीची नोकरी, त्यामुळे बाबांना एकटं सोडायची सोय नव्हती. वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, एक वृद्धाश्रमही बघून ठेवला होता. बागबिग होती म्हणे. ठरलं असं की मी काही महिने घरून काम करून बघायचं. जमलं तर बाबा इथे, नाही जमलं तर तिकडे.

जमावं अशी माझी फारशी इच्छा होती असं नाही. त्यांचं-माझं कधी पटलंच नाही. भांडणही नाही झालं कधी, भांडायला आधी बोलावं तरी लागतं. आता मात्र त्यांना सारखं बोलायचं असायचं. सूनबाई, चष्मा कुठाय? सूनबाई, वाजले किती? एकदा सगळ्या कंपनीची मीटिंग चालू असताना ते खांद्यावर टॉवेल टाकून साबण मागायला आले. असून अडचण, नसून खोळंबा! माझा राग तसाही नाकावर असतो. त्या दिवशी मी जाहीर केलं की खुर्चीत बसले की मी घरात नाही. ऑफिसला गेले असं समजायचं.

नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं. ‘बाबांना पटायला हवं,’ तो म्हणाला. मग मी रोज सकाळी चपला घालायची, पर्स खांद्याला लावायची, ‘येते’ म्हणून तरातरा जिना उतरायची, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानापर्यंत जायची आणि मागे फिरायची. तोवर खिडकीतल्या बाबांना तो सांगायचा, ‘सूनबाई ऑफिसला गेली हं.’ मग मी मागच्या दाराने गुपचूप आत येऊन, कानांवर हेडफोन चढवून बसायची. संध्याकाळी हीच वरात उलटी.

आणि जमलं की! बाबांनी चष्मा मागितला नाही, हाक मारली नाही. गेली ती त्यांची सून. परत आली ती कुणीतरी बाई.

हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. दुपारी खिडकीतून उजेड आत यायचा, फरशीवरून सरकत बाबांच्या पायापाशी जाऊन बसायचा. हेडफोनमुळे आवाज नाही. पडदा हलायचा, बाबांचे ओठ हलायचे, पंखा फिरायचा, सगळं बिनआवाजाचं. आपलंच घर मला कुणा दुसऱ्याचं, फार लांबचं वाटायचं. वाळत घातलेला माझाच झगा बघून, ही बाई नीटनेटकी दिसते, असं एकदा मनात आलं. स्क्रीनवर मजल्यामागून मजले चढत जायचे आणि माझी खुर्ची सावकाश खाली जायची.

अशाच एका दुपारी मान वर केली तर बाबा टेबलासमोर उभे. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेला माणूस, खिडकीसमोर कसं उभं राहावं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. टेबलाला न टेकता, माझं लक्ष जाईपर्यंत वाट बघत.

‘मॅडम, एक चौकशी होती. आमची सून ऑफिसातून कधी येते?’

मी खरं सांगायला हवं होतं. पण ड्रॉइंग पाठवायची घाई होती. ‘सहाला,’ मी म्हटलं.

‘उपकार झाले,’ म्हणून ते जाऊन बसले.

मग ते रोजचंच झालं. मी हेडफोन काढून ठेवायला लागले, कारण ते मॅडमशी गप्पा मारायचे. बायकोबद्दल सांगायचे, पोस्टात हरवलेल्या पार्सलांबद्दल सांगायचे. एकदा सुनेबद्दल म्हणाले, ‘स्वभावाने कडक आहे. पण माझ्या शर्टाचं बटण तुटलं की न सांगता लावलेलं असतं. तिच्याशी बोलायचं सुरुवातीलाच राहून गेलं हो. नंतर मग कुठून सुरू करायचं ते कळेना.’

मी मान खाली घालून माप तपासत राहिले. कुठलं माप, देव जाणे.

आणि एक दिवस औषधांच्या दुकानाचा मालक बाबांचा हात धरून त्यांना वर घेऊन आला. ‘चौकात उभे होते,’ तो म्हणाला. ‘गाड्यांच्या मधोमध.’ ते उठून बाहेर पडले तेव्हा मी चार पावलांवर, मीटिंगसाठी कान बंद करून, स्क्रीनमध्ये डोळे घालून बसले होते. दार उघडं होतं.

फोनवर वन्संनी शब्द वाया घालवले नाहीत. ‘वहिनी, पुरे झालं. रविवारी येते आणि त्यांना पोचवते.’ नवरा चपलांकडे बघत उभा राहिला. घरात असून जिला चाहूल लागली नाही, ती कोणत्या तोंडाने बोलणार?

सून म्हणून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘कुठं नाही, इथंच होतो.’ दुसऱ्या दिवशी ते टेबलापाशी आले, तेव्हा मी मॅडम होऊन विचारलं, ‘काल कुठं गेला होतात?’

त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. ‘सुनेला आणायला. सकाळी मी बघतो ना खिडकीतून, रस्ता ओलांडताना इकडंतिकडं बघतच नाही. तरातरा, रागात. एखाद दिवशी गाडीखाली येईल. म्हटलं, निदान येताना तरी आपण सोबत असावं.’ मग आवाज आणखी खाली आणून, ‘तिला सांगू नका हं. चिडेल.’

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले. ते बिचारे गडबडले, ‘काय झालं मॅडम, साहेब ओरडले का?’

मी उठले, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणली आणि माझ्या शेजारी लावली. ‘आत येऊन बसा. इथून रस्ता दिसतो. तुमच्या सूनबाई आल्या की लगेच कळेल.’

‘आत? बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नसते.’

‘तुम्ही बाहेरचे कसे? पोस्टातले ना?’

ते टेबलाला वळसा घालून आले, बटणं सारखी केली आणि ताठ बसले. मी त्यांना रद्द झालेल्या ड्रॉइंगांचा गठ्ठा आणि पेन्सिल दिली. प्रत्येक कागद नीट बघून कोपऱ्यात बारीकशी खूण करायची, कडा जुळवून बाजूला ठेवायचा. आणि खिडकीवरचा माणूस वेळ संपेपर्यंत जागा सोडत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ‘शेजारी कोण?’ मी म्हटलं, ‘सहकारी.’

वन्सं रविवारची वाट न बघता शुक्रवारीच आल्या. रजा मिळाली म्हणे. हातात बॅग, रिकामी. आमच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘बाबा, चला. कपडे भरू या.’

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘बाई, असं लगेच होत नाही. आमची सून ऑफिसला गेली आहे. तिला विचारल्याशिवाय मला कुठं जाता येत नाही.’

वन्संच्या हातातली बॅग खाली आली. ‘वहिनी, मला ओळखलं नाही गं त्यांनी,’ असं त्या अगदी हळू म्हणाल्या.

नियमाप्रमाणे मी उठून, मागच्या दाराने बाहेर पडून, चपला वाजवत पुढून आत यायला हवं होतं. माझ्यात तेवढा धीर नव्हता. मीटिंग चालूच होती, तरी मी गळ्यात सरकवलेले हेडफोन काढले आणि बाबांच्या पेन्सिलीच्या हातावर हात ठेवला.

‘बाबा, मी आले.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मला भीती वाटली. आता मॅडमही जाईल आणि सूनही येणार नाही, मग या माणसाला मी कुठे शोधू?

‘आलीस?’ ते म्हणाले. ‘आज लवकर सुटलीस?’

‘हो.’

त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. ‘या बाई मला न्यायला आल्यात. तू सांग त्यांना.’

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला होता, साबण मागितला होता. असं काही कधी मागितलं नव्हतं.

‘वन्सं, बाबा इथंच राहणार,’ मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा चढाच निघाला. ‘कामाचं आमचं दोघांचं जमलंय.’ टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमधून साहेब माझ्या नावाने बारीक आवाजात ओरडत होते. ओरडू दिलं.

वन्सं तोंडाला रुमाल लावून रडायला लागल्या. बाबा कावरेबावरे झाले. कागदांच्या कडा जुळवल्या, पेन्सिल खाली ठेवली, मग उठले आणि आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडे, वन्संजवळ नेली.

‘रडू नका,’ ते आपल्या लेकीला म्हणाले. ‘तुमचंही माणूस येईल. तोवर बसा इथं.’