रवळूचा फोन

नागेंद्रनं उभ्या जन्मात एकच कायदा पाळला, आणि तोही स्वतःच केलेला. खोडी काढली तर दिवस मावळायच्या आत 'मीच काढली' म्हणून सांगायचं. शिमग्याच्या सोंगासारखं. दारात नाच, पोरांना भ्या दाखव. पण सुपातनं तांदूळ पडले की तोंडावरचं फडकं काढ आणि कुणाचा कोण ते सांग. न सांगता सटकलास तर तू सोंगाड्या न्हवंस, चोर.

एकदा त्यानं बेळगावच्या बड्या साहेबाच्या आवाजात, अगदी ठसक्याच्या कानडीत, पंचायतीत फोन लावला. सेक्रेटरी हार घेऊन दुपारभर फाट्यावर उभा! संध्याकाळी नागेंद्र स्वतः जाऊन म्हणाला, "तो साहेब म्हणजे मीच." दोन थोबाडीत खाल्ल्या आणि त्याच्याकडचाच चहा पिऊन आला.

या कायद्यापायी एक नोकरी धड टिकली नाही. खानापुरात रेडिओ दुरुस्त करता करता शिकला, बेळगावात एका कॉलेजात मास्तर झाला. तिथं तपासणीपुरते भाड्यानं कॉम्प्युटर आणून मांडले. हा म्हणाला, "झकास! आता तपासणीवाल्यांना कधी सांगायचं?" तिथनं सुटला. मग बेंगळूर. मशीनला बोलायला शिकवणारी कंपनी. तिथं मात्र रमला. बेळगावकडची मराठी बोलणारं मशीन करायचं ठरलं, तेव्हा आवाजाला माणूस शोधायला नको, नकल्या घरातच! पंचविशीतल्या पोराचा मऊ, लाघवी आवाज काढून हा रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत बसला. बोलला, हसला, "व्हय आक्का", "न्हाय आक्का" करत राहिला. मशीनचं नावही त्यानंच ठेवलं, रवळू. रवळूचं काम काय, तर म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करून गोळ्यांची आठवण करायची आणि दोन शब्द बोलायचं.

"पहिलं वाक्य घाला, मी मशीन हाय," नागेंद्र म्हणाला.

साहेब चिन्मय, वयानं याच्या निम्मा. म्हणाला, "सर, तसं म्हटलं की लोक फोन ठेवतात."

"ठेवू देत की."

"मग आपण खायचं काय?"

"गोळ्या."

तिथनंही सुटला. मग कणकुंबीच्या रानात जाऊन बेडकांचे आवाज ओळखणारं मशीन केलं. बेडूक दुसऱ्याचं नाव सांगून ओरडत नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. ते काम संपलं तसा बेळगावच्या वडगावात आला. आता तिथं यंत्रमागांच्या वरच्या खोलीत, समोरचा बोलतोय तो माणूस का मशीन, हे ओळखणारं मशीन तो एकटाच करत बसलेला. खाली माग सुरू झाले की तांब्यातलं पाणी थरथरायचं. जेवायला हाक मारणारं कुणी नाही. लग्न राहूनच गेलं. पोरीकडचे विचारायचे, "सध्या काय करता?" आणि दर खेपेला उत्तर वेगळं.

आयतवारी तो आपल्या गावाला जायचा. त्याच्या खोड्यांना हसणारी गावात एकच उरली होती, शेजारची मालुआक्का. मालक कधीच गेलेले, पोरगा गोव्यात, सणापुरता फोन करणारा. त्या आयतवारी बघतो तर आक्का केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसलेली.

"कुठं निघालीस गं?"

"कुठं न्हाय. माजा फोन येतोय आता. रवळूचा. दवाखान्यातनं करतोय, गोळी घेतलीस काय म्हणून. लई गुणाचा पोरगा."

नागेंद्रनं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

सांगावं तर हिचं माणूस जातंय. आणि न सांगावं तर... बाहेर ऊन कौलांवरनं उतरत चाललं होतं.

"आक्का, रवळू माणूस न्हाय. मशीन हाय ते. आवाज माजा हाय."

"चल, चावट!"

मग नागेंद्रनं तो आवाज काढला. मऊ, लाघवी. "आक्का, गोळी घेतलीस काय गं?"

आक्काचं तोंड उतरलं. "म्हंजे तूच? सून मला काय बोलली ते मी तुला सांगिटलं? मालकांच्या आठवणीनं मला रडू यायचं, ते तू ऐकत बसलास?"

"मी न्हाय गं! मशीन!"

"जलमभर गावाच्या खोड्या काढलास. आता माजी काढलास व्हय रं?"

'मीच' म्हटल्यावर गावानं त्याच्यावर कायम विश्वास ठेवला होता. आज पहिल्यांदा तो 'मी न्हाय' म्हणत होता, आणि ते कसं पटवायचं हे त्याला येत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. नागेंद्रनं दोन्ही हात वर केले, ओठ घट्ट मिटले. आक्कानं त्याच्या तोंडाकडं बघत बघतच फोन उचलला.

"आक्का, गोळी घेतलीस काय गं?" फोन म्हणाला.

नागेंद्रचे ओठ मिटलेले. सुटलो, असं त्याला वाटलं.

"रवळू, तू खरंच हाईस न्हवं रं?"

"हाय की आक्का. असं का इचारतीस?"

"माणूस हाईस का मशीन, विचार," नागेंद्र कुजबुजला.

आक्कानं विचारलं. फोन जरासा थांबला. "मी तुजा रवळू, आक्का. आज जेवलीस काय?"

आक्काचा चेहरा असा काही खुलला, की नागेंद्रलाच क्षणभर बरं वाटलं.

"बघ! तो हाय तिकडं. तू त्याची नक्कल केलास, लबाडा!" आणि फोनमध्ये म्हणाली, "आरं, हितं एक चावट आलाय, तुजी नक्कल करतोय."

रवळू हसला. ते हसू नागेंद्रनं ओळखलं. काचेच्या खोलीत बसून स्वतःच्याच कसल्यातरी विनोदाला तो हसला होता. तेव्हा ऐकायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"आक्का, पुढच्या आयतवारी येतो परत. हेच सांगायला," नागेंद्र उठत म्हणाला.

आक्कानं फोन कानापासनं जरासा लांब धरला. "ये की. पण फोन यायच्या आधी जा."

तो चपला घालून बाहेर पडला. आत आक्का आंबाड्याची भाजी कशी झालती ते सांगत होती, अगदी तपशीलवार. मधेमधे त्याचाच आवाज म्हणत होता, "व्हय आक्का. मग?"