न कापलेली पानं

दादाला दिसेनासं होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे माझ्या मागे तत्त्वज्ञान लागलं त्यालाही दोन वर्षं झाली. सकाळी सहा ते दोन मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. घरी येऊन चार घास खाते, सुजलेले पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडते आणि विचारांच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ मांडीवर घेते. दादा समोरच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकतो. मिटले काय न् उघडे काय, पण सवय जात नाही त्याची.

पहिलं वर्ष सगळं डोक्यावरून गेलं. मग मी या थोर मंडळींना माझी माझी नावं ठेवली. रडका, हट्टी, शंकेखोर. एकाने मांडायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढायचं. शतकं उलटली तरी भांडण मिटत नाही. यांच्या चादरी कोण धूत होतं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. मी दादाला तसं विचारलं, तर म्हणाला, "चांगला प्रश्न आहे, चिमे. पुढे वाच."

खोटं कशाला बोलू, अधूनमधून एखादं वाक्य मनात रुतून बसायचं. इस्त्री करता करता मी त्याच्याशी वाद घालायचे. पण थकलेल्या माणसाला शहाणपणही ओझंच वाटतं.

म्हणून मी गाळायला लागले. आधी तळटीपा, मग परिच्छेद. शंकेखोराच्या मधल्या प्रकरणाशी आले तेव्हा त्याची पानं एकमेकांना जोडलेलीच निघाली. ग्रंथ जुन्या पद्धतीचा. छापखान्यात कडा कापत नसत, वाचणाऱ्याने सुरी घेऊन एकेक पान मोकळं करत जायचं. बाकी सगळा ग्रंथ कापलेला होता, एवढी चोवीस पानंच राहिलेली. सुरी स्वयंपाकघरात आणि माझे पाय बादलीत. मी सरळ पुढच्या प्रकरणावर उडी मारली. दादाला पत्ता लागला नाही.

दादाने बत्तीस वर्षं महाविद्यालयात हाच ग्रंथ शिकवला. आता तो स्वतःचं पुस्तक सांगत होता आणि मी लिहून घेत होते. त्याचा एक जुना विद्यार्थी संपादक झालाय, तो गुरुवारी सकाळी वही न्यायला येणार होता. दादा म्हणायचा, हे एवढं हातून झालं की मी सुटलो.

बुधवारी दुपारी तो शंकेखोरावर घसरला. "लिही. हा गृहस्थ दोनशे पानं सांगतो, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि मग एकदम म्हणतो, विश्वासाशिवाय जगता येत नाही. मध्ये कारण म्हणून एक नाही. याला विचार म्हणत नाहीत, याला उडी म्हणतात."

माझा हात थांबला. उडी त्याने नव्हती मारली, मी मारली होती.

तरी चार पानं लिहून घेतली. दादा रंगात आला होता, कित्येक महिन्यांनी. गप्प बसले असते तर उद्या ती वही गेली असती आणि दादाचं हसं झालं असतं. सांगायचं म्हटलं, तर माझी चोरी कबूल करायला मी तयार होते. घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. पानं जोडलेली होती म्हणजे ती माझ्याआधीही कुणी वाचलेली नव्हती. ग्रंथ तर दादाचा होता.

"दादा, मी चोवीस पानं गाळली."

"कंटाळलीस?" त्याने विचारलं.

"दमले होते."

"आता वाच."

मी ओल्या पायांनी जाऊन सुरी आणली. पहिलं पान कापल्याचा आवाज झाला आणि दादाने मान वळवली.

"काय करतेस?"

"पानं जोडलेली आहेत."

त्याने हात पुढे केला. मी ग्रंथ दिला. कडेवरून त्याचा अंगठा सावकाश फिरत राहिला, खाली गेला, परत वर आला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्याकडे बघवेना.

"मुलांना सांगायचो," तो म्हणाला, "हे प्रकरण परीक्षेला नाही."

"बत्तीस वर्षं?"

"पहिल्या वर्षी सुरी नव्हती हाताशी. नंतर वाचलंय असंच वाटायला लागलं."

मी पानं कापली आणि एकही ओळ न गाळता वाचली. शंकेखोराने कारण दिलं होतं, चांगलं चोवीस पानं दिलं होतं. ज्याला स्वतःला बघता येत नाही त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर का विसंबावं, इथपासून सुरुवात होती. वाचताना मी दोनदा अडखळले. दादाने एकदाही टोकलं नाही.

संपलं तेव्हा बादलीतलं पाणी गार झालं होतं.

"ती चार पानं फाड," दादा म्हणाला. "आणि लिही. हा ग्रंथ मी बत्तीस वर्षं शिकवला. त्यातलं हे प्रकरण मी आज पहिल्यांदा ऐकलं, माझ्या बहिणीकडून."

"असं लिहू? उद्या संपादक वाचेल."

"वाचू दे," तो म्हणाला. "आणि हे गाळू नकोस."