नाळेतल्या लाल चिंध्या

हिवाळ्यात आमच्या या कोलोरॅडोच्या गावात एक नंबर फिरवला की टेप लागते. कुठल्या डोंगरावर बर्फ कसा आहे, कुठे जाऊ नका. ती टेप रोज सकाळी मीच भरते. आमचे हे, म्हणजे डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात लागले आणि माझी जिऑलॉजीची डिग्री पेटीत पडून होती, म्हणून ही नोकरी धरली. आता कंटाळा आलाय. बर्फाचा नाही हो, बोलण्याचा. रोज आपण ‘डेंजर’ म्हणायचं आणि रोज लोकांनी ऊन छान पडलंय म्हणून निघायचं. वाचला तर स्वतःच्या हुशारीनं वाचला, आणि गेला तर टेपवर नीट सांगितलं नव्हतं!

त्या शहाऐंशीच्या हिवाळ्यात तर घसा बसेपर्यंत ओरडत होते. जमिनीलगत रव्यासारखा भुसभुशीत थर, आणि त्याच्यावर वाऱ्यानं थापलेली जड लादी. रव्यावर फरशी ठेवली तर ती किती वेळ टिकणार? नुसता पाय पडायचा अवकाश.

आणि नेमका तेव्हा गुरुदत्त उगवला. सुलभाचा मुलगा. सुलभा पुण्याची, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तो इकडे एम.एस.ला आला तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, “शोभे, पोरगं तुझ्या पदरात टाकलंय गं.” पोरगं ट्रेकिंग क्लबात वाढलेलं, सह्याद्रीतले गड पालथे घातलेलं. त्याला डोंगराचं काही सांगायला गेलं की तो नुसता हसायचा.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला, गॅस स्टेशनवरून.

“मावशी, तुझी टेप ऐकली हां. ओपन स्लोपवर जाऊ नका म्हणालीस ना? सो आम्ही उघडा उतार अव्हॉइड केला. मागच्या डोंगराची ती मोठी नाळ धरतोय, दोन्ही बाजूंना कातळ. एकदम सेफ. माझा रूममेट शैलेंद्र पण आहे सोबत. डोन्ट वरी!”

“अरे गाढवा, नाळ नको—” म्हणेपर्यंत फोन कट.

 त्याचं काय चुकलं ते मला लख्ख कळलं होतं. आपल्याकडे दोन कड्यांमधली नाळ, ती अरुंद घळ, म्हणजे भरवशाची वाट. घसरडं गवत सोडा, नाळ धरा, दगडांना हात लावत वर निघा. इथे वारा डोंगरभरचा बर्फ उडवून त्याच नाळेत ओततो, आणि सुटला की तो तिथूनच खाली येतो. ते कातळ आडोसा देत नाहीत, पळायची वाट अडवतात. हे इथल्या पोराला कळतं. सह्याद्रीत शिकलेल्याला बरोबर उलटं कळतं.

गाडी काढली. डॉक्टर ड्यूटीवर होते, त्यांना निरोपही ठेवला नाही. रस्ताभर एकच डोक्यात, सुलभाला काय सांगू?

पार्किंगमध्ये शैलेंद्रची खटारा गाडी उभी होती, आणि वर नाळेत, बऱ्याच वर, दोन ठिपके. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आवाजानं बर्फ कोसळतो हे सिनेमातलं, त्याची मला भीती नव्हती. ठिपके थांबले. मग मी गुडघाभर बर्फातून नाळेच्या कडेच्या झाडांपर्यंत गेले आणि बोंबलले, “गुरू! सोंडेवर जा! डाव्या हाताची झाडांची सोंड धर, तिच्यावरूनच खाली ये!”

“मावशी, काय झालं?”

“आधी सोंड धर, मेल्या!”

सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, हा गडांवरचा शब्द; तो ऐकल्यावर कळलं त्याला. दोघं आडवे सरकत सोंडेकडे निघाले. ते नाळेतून बाहेर पडेपर्यंत मी त्यांचं एकेक पाऊल मोजत होते. झाडांत पोचल्यावर गुरू ओरडला, “अगं, आमच्या खुणा नाळेतच राहिल्या! काढून येतो!”

“मरू देत तुझ्या खुणा! आधी खाली ये!”

आला. तोंड फुगवून आला. घरी मी दोघांना गरम पिठलं-भात वाढला, तर साहेब खिडकीतून नाळेकडे बघत म्हणतात, “काहीच तर झालं नाही, मावशी. दिवस वाया गेला.” दुपार झाली, ऊन कलायला लागलं, नाळ आपली जागच्या जागी. शैलेंद्र गालातल्या गालात हसत होता. मग रात्री पुण्याला फोन लागला तर गुरू आईला सांगतो, “इथे सगळं ओके. शोभा मावशी जाम घाबरट झालीय, बस्स.” पलीकडून, उद्या परत फोन करते म्हणताना, सुलभाचंही हसू मला ऐकू आलं. हसू दे म्हटलं. तिचं पोरगं तिच्याशी बोलत होतं ना, मला तेवढं पुरे होतं. मी आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले.

रविवारी टेप भरून होतेय तोच रेस्क्यूवाल्यांचा फोन आला. मागच्या डोंगराच्या पार्किंगमध्ये कालपासून एक गाडी उभी आहे, वर स्कीचा रॅक, मालक घरी परतलेला नाही. आणि नाळेतला बर्फ रात्री कधीतरी सुटलाय की काल संध्याकाळीच, सांगता येत नाही, तू बघायला ये.

“मी येतो,” गुरू म्हणाला. शैलेंद्र घरीच थांबला.

नाळ खरवडून निघाली होती, पार मातीपर्यंत. खाली बर्फाच्या ढेकळांचा मोठा ढीग, आणि त्यावर माणसं ओळीनं उभी राहून लांब काठ्या खुपसत होती. नाळेच्या तोंडाशी, कडेच्या झुडपाला, लाल चिंधी बांधलेली. थोडं वर कातळाच्या कपारीत आणखी एक. त्याच्यावर काही नाही, सगळं वाहून गेलेलं.

मी ती चिंधी हातात घेतली आणि ओळखली. सुलभाची लाल साडी, जरीचा काठ नसलेली, नेहमीची.

“आईनं फाडून दिली होती,” गुरू म्हणाला. “क्लबमध्ये आम्ही बांधतोच. मागून येणाऱ्याची वाट चुकू नये म्हणून.”

त्या गाडीच्या मालकाला त्यांनी दुपारी काढलं, जीव उरला नव्हता. चाळिशीतला होता. शेजारच्या गावचा, एकटाच आलेला. रेस्क्यूचा म्हातारा प्रमुख वर आला आणि झुडपाकडे बोट दाखवून विचारलं, ही मार्किंग कुणाची? स्कीचा माग थेट तिच्याकडे आला होता म्हणे, मग कडेकडेनं वर दुसऱ्या चिंधीकडे.

मी गुरूचं मनगट घट्ट धरलं. पदरात टाकलेलं पोर ते, मनात म्हटलं, गप्प राहा रे, माझं ऐक! त्यानं हात सोडवून घेतला.

“माझी,” तो इंग्रजीत म्हणाला. “मी बांधली.”

 म्हातारा मान हलवून खाली गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गुरूनं झुडपावरची गाठ सोडली. थंडीनं बोटं वळत नव्हती, तरी दातानं ओढून सोडली. मग कपारीतली काढायला सरसावला. आता तिथे पडायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी अडवलं नाही. दोन्ही चिंध्या घडी करून त्यानं खिशात घातल्या आणि माझ्याशेजारी बर्फातच बसला.

“मावशी, त्यानं तुझी टेप ऐकली असेल ना गं?”

थकले होते मी. खोटं बोलायलाही बळ लागतं.

“ऐकली असेल रे,” मी म्हटलं. “पण इथे आल्यावर त्याला वाटलं असेल, कुणीतरी वर जाऊन सुखरूप आलंय.”

तो रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. संध्याकाळी सुलभाचा फोन यायचा होता.