पहिली बाटली मार्थाची

दारूबंदी आली तेव्हा आमच्या आळीत सगळ्यात आधी दारू सोडली ती दारू गाळणाऱ्या मार्थामावशीने. पिणाऱ्यांनी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फक्त खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली.

तोवर वसईत माणिकपूरपलीकडच्या आमच्या आळीत मार्था म्हणजे मानाची बाई. लग्न ठरलं की नवऱ्या मुलाचा बाप वाजंत्री घेऊन तिच्या पुढच्या दारी जायचा, टोपी काढून पहिली बाटली मागायचा, आणि लग्नात फादरशेजारी तिची खुर्ची असायची. विधवा बाई, पण तिच्या हाताशिवाय मंडप पुरा होत नसे. गूळ आणि केळी घालून ती अशी गाळायची की म्हातारे एक घोट घेऊन डोळे मिटायचे आणि त्यांच्या बायका त्यांना हलवून बघायच्या.

कायदा आला आणि मार्था म्हणाली, "सरकार नको म्हनतं ना, मग नको." तिने तांब्याचा हंडा घासूनपुसून त्यात भात उकडायला घेतला. तिच्या विनीचं लग्न फ्रेडरिकच्या बर्नार्डशी ठरलं होतं. त्यात विघ्न नको, एवढंच तिला हवं होतं. फ्रेडरिक म्हणजे आळीतला बडा बागायतदार आणि आता दारूबंदी समितीचा अध्यक्ष. सभेत तो असा तळमळून बोलायचा की पुढच्या रांगेला वासही यायचा.

एका रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर नवा हवालदार आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीशी येऊन उभा राहिला. घाटावरचा माणूस, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, "या गावात दारू कोण गाळतं?"

आणि आमची आळी फसली. हा प्रश्न आम्हाला जन्मभर पाहुण्यारावळ्यांनी विचारलेला. त्याचं उत्तर छाती फुगवूनच द्यायचं असतं, हे अंगवळणी पडलेलं. "मार्थामावशी!" सगळी आळी एका तोंडाने ओरडली. "तिच्यासारका हात आख्ख्या वसईत नाय, सायब!" रस्त्याने चाललेला धर्मा सुतारही घर दाखवायला पुढे झाला. इतका सोपा तपास त्या हवालदाराने नोकरीत केला नसेल.

हंड्यात भात रटरटत होता. हवालदाराने भातासकट हंडा नेला आणि हंड्यासोबत मार्थालाही. कोर्टात तिला विचारलं, हा हंडा दारूचा का? खोटं बोलायची सवय नाही, हो म्हणाली. भाताबद्दल कुणीच काही विचारलं नाही. हंडा सरकारजमा झाला आणि मार्था तुरुंगात.

सुटून आली तेव्हा ती मार्थामावशी राहिली नव्हती, भट्टीवाली झाली होती. देवळात तिच्या बाकावर कुणी बसेना. जिच्या बाळंतपणात मार्थाची दारू अंगाला चोळली होती, तीच बाई मुलाला पदराखाली ओढून घ्यायची. मला तर त्या पदरांचा इतका राग यायचा की काय सांगू! आणि त्याच बायकांचे नवरे दुपारी तिच्या मागच्या दारी उभे. घरात थेंब नव्हता, पण ऐकतो कोण? सरकारने पकडली, म्हणजे असणारच.

फ्रेडरिकने निरोप पाठवला की भट्टीवालीची पोर समितीच्या अध्यक्षाला सून म्हणून शोभणार नाही. विनी रडली नाही, भडकली. मार्था मात्र रडली. पोरीचं लग्न आपल्या नावापायी मोडलं, हे तिला सोसवेना.

मग एका दुपारी खुद्द फ्रेडरिक मागच्या दाराने आला. "मार्थे, एक बाटली दे गं. चोरून येते ती पिऊन डोकं ठनकतं."

"माज्याकडं नाय."

"खोटं कशाला बोलतेस? तुला तर शिक्षा पन झाली!"

मार्था खदखदून हसली. "बराबर. शिक्षा झालीच हाय, तर आता गालतेच. पन पहिली बाटली विनीच्या लग्नाची. पुढच्या दाराने ये, वाजंत्री घेऊन, टोपी काढून."

"लोक काय म्हनतील?"

"मागं केलीच्या झाडांत उभे हायत, त्यांनाच विचार."

केळीत खरंच तिघे उभे होते. तिघेही समितीचे सभासद.

बर्नार्डने घरी अन्न सोडलं होतं आणि बापाचा घसा कोरडा पडला होता. फ्रेडरिक कशाने वळला ते देव जाणे, पण वाजंत्री घेऊन तो पुढच्या दारी आला. गाळायला आपला अंघोळीचा हंडाही त्यानेच दिला.

लग्न झालं. मंडपात फादरशेजारी मार्थाची खुर्ची पुन्हा आली. पेले फिरू लागले आणि तेवढ्यात हवालदार आत शिरला. एक पेला उचलून त्याने तोच प्रश्न केला, "कुणी गाळली?"

आता आळी शहाणी झाली होती. कुणी ब्रही काढला नाही. फादर बुटांकडे बघू लागले. फ्रेडरिक पुढे झाला. "दारू कसली, सायब? पानी हाय. आमच्या बावखलाचं, म्हंजे तल्याचं पानी."

सगळे मार्थाला वाचवत होते. पोरीचं लग्न लागलं होतं, तिने फक्त गप्प बसायचं होतं. पण जन्मात उतरवली नव्हती इतकी सुरेख दारू त्या दिवशी उतरली होती, आणि गाळणारीचं नाव घ्यायला एक तोंड उघडत नव्हतं. मार्था उठली.

"पानी? सकालपासून ढोसतोस, फ्रेडरिक, आनि पानी म्हनतोस? सायब, ही मी गाल्ली. मी एकटीनं. वास घ्या नि मग चला."

हवालदाराने वास घेतला. क्षणभर त्याचेही डोळे मिटले. मग पुरावा म्हणून बाटली उचलून तो निघाला. मार्था लुगडं सावरून त्याच्या पुढे चालू लागली. वाजंत्रीवाले थिजून उभे होते.

"बघता काय?" विनी ओरडली. "पहिली बाटली निघालीय. वाजवा!"

बँड सुरू झाला, आणि फ्रेडरिकने टोपी काढली.